टिपा लिहिणारे पुष्कळ, पान कोण सांभाळणार?



या व्यासपीठावर आजवर संतसाहित्यापासून सहकारापर्यंत अनेक विषय झाले. मी ‘प्रोग्रामिंगची माहितीपुस्तिका आणि तिचे वाचक’ हा विषय कळवला, तेव्हा व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी फोनवर जरा थांबून विचारलं, “लोक येतील ना?” तुम्ही आलात, तेव्हा त्यांची काळजी मिटली. आता माझी सुरू झाली. सभागृहात संगणक अभियांत्रिकीची मुलं दिसताहेत, तशीच पहिल्या रांगेत निवृत्त मंडळीही आहेत. दोघांनाही कंटाळा येऊ नये अशा बेताने बोलायचा प्रयत्न करतो.

उदाहरणानेच सुरुवात करू. एखाद्या वाचनालयाने वर्गणी ऑनलाइन भरायची सोय केली. सभासदाने ३१ जानेवारीला पैसे भरले, पुढचा हप्ता एका महिन्याने. पीएचपी या भाषेत ‘स्ट्रटोटाइम’ नावाचं फंक्शन आहे. त्याला तारीख द्यायची आणि ‘प्लस वन मंथ’ म्हणायचं. उत्तर येतं ३ मार्च. लीप वर्ष असेल तर २ मार्च. फेब्रुवारी कुठे गेला? फंक्शनने महिन्याचा आकडा एकने वाढवला, ३१ फेब्रुवारी अशी तारीख केली, अशी तारीख नसते म्हणून उरलेले दिवस मार्चात ढकलले. नियमाला धरूनच झालं सगळं. पण ज्याने नियम लिहिला त्याला जे उघड वाटलं, ते वर्गणी गोळा करणाऱ्याच्या डोक्यात कसं यावं?

आता हे कुणाला आधी कळलं असेल? भाषा घडवणाऱ्याला नव्हे. ज्याच्या सभासदाने “माझा फेब्रुवारीचा हप्ता का नाही घेतलात?” म्हणून विचारलं, त्याला. असा माणूस मॅन्युअलच्या पानाशी परत येतो, पानाखाली एक टीप लिहितो, “बाबांनो, महिनाअखेरीला जपा,” आणि आपल्या कामाला लागतो. या टिपेचं पुढे काय होतं, काय व्हायला हवं, हा आजचा विषय.

थोडं मागे जाऊ. युनिक्स या कार्यप्रणालीची पहिली पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांची, बेल लॅब्जमधली. प्रत्येक आज्ञेला एक पान. वर नाव, मग ती कशी द्यायची, ती काय करते, आणि शेवटाकडे ‘बग्ज’ नावाचा ठरलेला भाग: या आज्ञेत काय बिघडलेलं आहे, काय करायचं राहून गेलं आहे. त्याच पानावर त्या आज्ञेचा मालक कोण, तेही लिहिलेलं. आपल्याकडे सरकारी परिपत्रकाखाली ‘या परिपत्रकातील चुका’ असा रकाना कुणी छापेल का, याची कल्पना करून पाहा. लिहिणाराच आपल्या उणिवा मांडतो आणि तक्रार कुणाकडे न्यायची तेही सांगतो, ही रीत तिथून पडली. तेव्हा ते सोपंही होतं, कारण वाचक आणि लेखक एकाच इमारतीत बसत.

डोनाल्ड नूथ यांनी निराळी वाट काढली. ‘द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रामिंग’ या आपल्या ग्रंथात चूक दाखवणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंट्सचा धनादेश पाठवू लागले. २५६ सेंट, म्हणजे सोळाच्या पायावर मोजायचं तर एक डॉलर. मिळालेले धनादेश लोक वटवत नसत, चौकट करून भिंतीवर लावत. या गोष्टीत गंमत धनादेशाची म्हणून सांगतात. मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. आलेलं प्रत्येक पत्र नूथ स्वतः तपासत, चूक खरी असेल तर पुढच्या आवृत्तीचा मजकूर बदलत. वाचकाची सूचना ग्रंथात मुरून जायची.

रास्मुस लेरडॉर्फ यांनी पीएचपी १९९५ मध्ये लोकांसमोर ठेवली. वेबवर तिचं मॅन्युअल आलं, आणि प्रत्येक फंक्शनच्या पानाखाली वाचकांना टीप जोडायची सोय झाली. कुणीही यावं, चार ओळी लिहाव्यात. पीएचपीच्या यशात या टिपांचा वाटा मोठा आहे, असं मी बेधडक म्हणतो. औरंगाबादच्या किंवा साताऱ्याच्या मुलाने पहिली वेबसाइट बांधली तेव्हा त्याच्या हाताशी ना अनुभवी सहकारी होता, ना महागडं पुस्तक. पानाचा वरचा अर्धा भाग त्याला कळायचा नाही. तिथे फंक्शनला काय द्यायचं आणि ते काय परत देतं एवढंच असायचं. तो सरळ खाली जायचा, टिपांकडे. तिथे कुणीतरी पोर्तुगालमधून, कुणी ब्राझीलमधून त्याच्यासारख्याच अडचणीत सापडलेला असायचा.

या टिपा लिहिताना सूचना असायची की इथे प्रश्न विचारू नका, बिघाड कळवू नका. लोक दोन्ही करत. मग काही स्वयंसेवक टिपा चाळत, नको त्या उडवत. पुढे टिपेशेजारी वर-खाली बाण आले, मतं मोजली जाऊ लागली. एखादी टीप इतकी नेमकी असे की तिचा मुद्दा मुख्य मजकुरातच घेतला जाई, आणि मग खालची टीप काढून टाकता येई. माझ्या मते टिपेचं सार्थक ते हेच. ती कायम राहण्यासाठी नसते.

पण बहुतेक टिपा राहिल्या. आणि काय झालं ते पाहा.

पीएचपीमध्ये दोन गोष्टी सारख्या आहेत का, हे बघायची एक सैल पद्धत आहे. पूर्वी शून्य हा आकडा आणि कुठलाही शब्द यांची या पद्धतीने तुलना केली, की भाषा त्या शब्दाचा आकडा करू पाहायची, जमलं नाही की शून्य धरायची. म्हणजे शून्य आणि ‘पुणे’ सारखे आहेत का, असं विचारलं तर उत्तर होकारार्थी यायचं. (नागपूरकरांनी टाळ्या वाजवू नयेत; ‘नागपूर’ घातलं तरी तेच उत्तर होतं.) यादीत एखादी गोष्ट आहे का ते शोधणारं ‘इन-ॲरे’ हे फंक्शन न सांगता हीच सैल पद्धत वापरतं, त्यामुळे नसलेल्या गोष्टी यादीत सापडायच्या. याविषयी सावध करणाऱ्या टिपा लिहिल्या गेल्या, आणि त्या अगदी बरोबर होत्या. नोव्हेंबर २०२० मध्ये पीएचपी ८ आली आणि नियम बदलला. आता पुणे शून्य नाही. म्हणजे काल खरी असलेली टीप, तिच्यातलं एक अक्षर न बदलता, आज खोटी ठरली.

ही तरी निरुपद्रवी. पासवर्ड साठवण्यासाठी ‘एमडी-फाइव्ह’ ही आज असुरक्षित ठरलेली पद्धत वापरा असं सांगणारे सल्ले एके काळी सर्वत्र होते. पीएचपीत पासवर्डसाठी खास फंक्शन २०१३ मध्ये आलं. मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलायची जुनी फंक्शनं डिसेंबर २०१५ च्या पीएचपी ७ मधून काढूनच टाकली. पण ती वापरून लिहिलेले नमुने लोकांच्या वह्यांत, पाठ्यपुस्तकांत आणि परीक्षेच्या पेपरांत मुक्काम ठोकून राहिले. टिपेखाली ती किती वर्षांपूर्वी लिहिली ते दिसतं, भाषेच्या कुठल्या आवृत्तीसाठी लिहिली ते दिसत नाही. माझं पहिलं गाऱ्हाणं हे. वय कळून उपयोग काय? विसाव्या वर्षीही शहाणी असलेली टीप असते आणि सहाव्या महिन्यात कुजलेलीही.

कुणी म्हणेल, त्यासाठीच तर मतं आहेत. चांगलं वर येईल, वाईट खाली जाईल. याचं उत्तर म्हणून एक प्रसंग सांगतो. २०१० मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर एका जावा प्रोग्रामरने छोटं उत्तर दिलं: फाइलचा आकार माणसाला वाचता येईल असा कसा छापावा. म्हणजे ‘१५,००,००० बाइट्स’ न म्हणता ‘१.५ मेगाबाइट’. चार-पाच ओळींचा देखणा कोड, लॉगॅरिदम वापरून एकक ठरवणारा. मतं भरपूर पडली. पुढे संशोधकांनी तपासलं, तेव्हा जावाच्या उत्तरांपैकी सर्वांत जास्त नक्कल झालेलं उत्तर हेच निघालं. ९,९९,९९९ बाइट्स दिल्यावर ते काय छापतं? ‘१०००.० किलोबाइट’. छापायला हवं होतं ‘१.० मेगाबाइट’. एकक आधी ठरतं, आकडा नंतर पूर्णांकित होतो, आणि त्या सांध्यात चूक राहते. कितीतरी लोकांनी मत दिलं, कितीतरींनी कोड उचलला, आणि चूक जाहीर केली ती २०१९ मध्ये उत्तर लिहिणाऱ्याने स्वतःच. मत देणारा “माझं काम झालं” एवढंच सांगत असतो. त्याने ९,९९,९९९ घालून पाहिलेलं नसतं.

फाइलचा आकार चुकला म्हणून कुणाचं काही जात नाही. पण २०१७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी १३ लाख अँड्रॉइड ॲप्स तपासली. त्यांतल्या १५.४ टक्के ॲप्समध्ये स्टॅक ओव्हरफ्लोवरून घेतलेला सुरक्षेशी संबंधित कोड होता, आणि अशा ॲप्सपैकी ९७.९ टक्क्यांत निदान एक तरी तुकडा असुरक्षित होता. तुमच्या खिशातल्या फोनबद्दलच बोलतोय मी.

याच स्टॅक ओव्हरफ्लोने जुलै २०१६ मध्ये ‘डॉक्युमेंटेशन’ नावाचा विभाग उघडला. कल्पना अशी, की लोकांनी उत्तरं लिहिली तशी माहितीपुस्तिकाही मिळून लिहावी, उदाहरणांनी भरलेली. ऑगस्ट २०१७ मध्ये तो बंद केला. प्रश्नाला उत्तर देताना समोर एक अडलेला माणूस असतो. पुस्तिका लिहिताना समोर कुणीच नसतं, फक्त भरायची जागा असते. मग जो तो सोप्यात सोपी उदाहरणं टाकून गुण कमावतो. यावर अधिक वेळ घालवत नाही.

फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या एमडीएनची हकीकत मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. वेबपानं बनवणाऱ्या जगभरच्या लोकांचं हे संदर्भस्थान २००५ मध्ये सुरू झालं. ते विकी होतं: पान उघडा, बदला, जतन करा. पानाखाली टीप ठेवण्याऐवजी वाचक थेट मजकुरातच हात घाले. याचा फायदा असा की मजकूर एकच राहतो; वर एक आणि खाली त्याला छेद देणारं दुसरं, असं होत नाही. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्ट, गूगल, सॅमसंग अशा एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी एमडीएनला हातभार लावायचं मान्य केलं, आणि मायक्रोसॉफ्टने आपली हजारो पानं तिकडे वळवली.

डिसेंबर २०२० मध्ये एमडीएनने विकी सोडून सगळा मजकूर गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर नेला. आता बदल सुचवायचा तर खातं उघडा, प्रत काढा, शाखा करा, बदल करा, पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, पाठवा, कुणी तपासेपर्यंत थांबा. शुद्धलेखनाची एक चूक सुधारायला एवढा खटाटोप कोण करेल, असं तेव्हा अनेकांना वाटलं. मलाही त्यात तथ्य वाटतं. ज्याला गिट ही बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली येत नाही, जो शिकाऊ आहे, त्याच्यासाठी हा उंबरठा उंच झाला. आणि पान कुठे कळत नाही हे सर्वांत नेमकं तोच सांगू शकतो. दुसरीकडे विकीवर आलेली भर पानावर दिसण्याआधी कुणी तपासत नसे, जाहिरातबाजीही शिरे. आता प्रत्येक बदलाखाली चर्चा आणि तपासणाऱ्याची सही असते. मला निवड करायला सांगितली तर मी तपासणीच्या बाजूने मत देईन, पण त्यासोबत गिट न येणाऱ्यासाठी एक साधा अर्ज हवाच. पोस्टग्रेस या डेटाबेसने ते केलं आहे. तिथे पानाखाली पूर्वी टिपा असत, त्या बंद केल्या. आता तिथे चूक कळवण्याचा अर्ज आहे, आणि तो थेट मॅन्युअल सांभाळणाऱ्यांकडे जातो.

दार सताड उघडं ठेवल्याने काय होतं, याचा धडा ऑक्टोबर २०२० मध्ये मिळाला, आणि त्यात आपल्या देशातल्या विद्यार्थ्यांचा ठळक वाटा होता. खुल्या सॉफ्टवेअर प्रकल्पांना हातभार लावण्याचा हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम दर वर्षी होतो. त्या वर्षी चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळायचा होता. एका लोकप्रिय हिंदी शिकवणी चॅनेलने हे किती सोपं आहे ते दाखवताना एका प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या ‘रीडमी’ फाइलमध्ये ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ असे दोन शब्द घातले. पाहणाऱ्यांनी तेच गिरवलं. जगभरच्या प्रकल्पांवर ‘डॉक्युमेंटेशन सुधारलं’ अशा मथळ्याच्या निरर्थक दुरुस्त्यांचा पूर आला. आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पाची संमती असेल त्यालाच पाठवलेल्या रिक्वेस्ट मोजायच्या.

मुलांना हसणं सोपं आहे. पण मी त्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. सांगणाऱ्याने त्यांना बटण कुठे आहे ते दाखवलं, वाचायला शिकवलं नाही. कोणतं वाक्य वाचताना आपण अडलो, हे ओळखणं हेच खरं योगदान. बटण दाबणं ही नंतरची क्रिया. आणि दुरुस्त्यांमधला पहिला बळी गेला तो डॉक्युमेंटेशनचा, कारण ‘कोड येत नसेल तर डॉक्सपासून सुरू करा’ असा सल्ला आपण सगळेच देतो. जणू काही ते सोपं काम आहे!

वाचकाला नेमकं बोट ठेवायला लावणाऱ्या सोयी झालेल्या आहेत. ‘रिअल वर्ल्ड हास्केल’ हे पुस्तक २००८ मध्ये छापून येण्याआधी त्याचा खर्डा वेबवर ठेवला होता, आणि दर परिच्छेदाशेजारी अभिप्राय लिहिता येत होता. जॅंगो या वेबसाइट बांधण्याच्या साधनावरच्या पुस्तकाने त्याआधी तेच केलं होतं. हजारो अभिप्राय आले. पानाच्या तळाशी ‘हे कळलं नाही’ लिहिणं आणि तिसऱ्या परिच्छेदाला चिकटवून ‘हे कळलं नाही’ लिहिणं, यांत फार अंतर आहे. एकाच परिच्छेदावर अकरा जण अडले, तर लेखकाला वेगळं काही सांगावं लागत नाही.

आणि हे आपल्या दाराशीही झालं आहे. पवईच्या आयआयटीतल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात दहा-दहा मिनिटांचे पाठ आहेत. पायथन, लिब्रेऑफिस, लिनक्स अशा विषयांवर, आणि मराठीसह भारतीय भाषांत त्यांचं ध्वनिमुद्रण होतं. त्यांच्या प्रश्नमंचावर प्रश्न विचारताना पाठ निवडावा लागतो, आणि त्यापुढे मिनिट आणि सेकंदही. चौथ्या मिनिटाच्या विसाव्या सेकंदाला मी अडलो. शिवाय पाठाची संहिता मुद्रणाआधी एका नवशिक्याला देतात. त्याने एकट्याने ती करून पाहायची, अडला तर संहिता बदलायची. जाणकाराची तपासणी निराळी, नवशिक्याची निराळी. आपल्या कितीतरी कंपन्यांमध्ये दोन्ही होत नाहीत. तिथे ज्याने कोड लिहिला तोच रात्री अकराला पान लिहितो आणि सकाळी प्रकल्प सोडून जातो.

आता मुद्द्याचं बोलतो. आपण समजतो की लोक लिहीत नाहीत ही अडचण आहे. तसं नाही. लोक लिहितात, भरभरून लिहितात. तुटवडा आहे तो आलेलं वाचणाऱ्याचा, निवडणाऱ्याचा, जुनं काढून टाकणाऱ्याचा. विहिरीला पाणी आपोआप येतं. गाळ काढायला माणूस उतरावा लागतो. आणि हे काम कुणाच्या नजरेत भरत नाही. नवं पान लिहिणाऱ्याचं नाव होतं, कालबाह्य झालेल्या टिपा हटवणाऱ्याला उलट शिव्याच मिळतात, “माझी टीप का काढली?”

हे काम फुकट होत नाही, याचा पुरावा ऑगस्ट २०२० मध्ये दिसला. मोझिलाने सुमारे अडीचशे लोकांना कमी केलं, त्यांत एमडीएनचे लेखकही होते. लिहिणारे हजारो स्वयंसेवक जागेवरच होते, तरीही सगळे हवालदिल झाले, कारण आलेलं तपासणारे गेले. पुढे जानेवारी २०२१ मध्ये ओपन वेब डॉक्स नावाची संस्था निघाली. कंपन्यांच्या आणि व्यक्तींच्या वर्गणीतून ती पगारी लेखक ठेवते. मला ही व्यवस्था आवडते. लोकांचं योगदान घ्यायचं असेल तर ते घेणाऱ्याला पगार द्या, एवढं साधं आहे हे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून आणखी एक गोष्ट घडते आहे. स्टॅक ओव्हरफ्लोवर येणाऱ्या प्रश्नांची संख्या झपाट्याने घसरली. मुलगा आता यंत्राला विचारतो, बऱ्याचदा चांगलं उत्तर मिळतं, काम होतं. मी त्याला नावं ठेवत नाही, मीही विचारतो. पण ३१ जानेवारीचा घोळ ज्याच्या लक्षात आला, त्याने तो आता बंद खोलीत विचारला. पानाला ते कधी कळणार नाही. उद्या दुसरा अडेल, तोही खोलीतच विचारेल. शिवाय यंत्र जे शिकलं ते याच पानांवरून आणि याच टिपांवरून, कुजलेल्या टिपांसकट. दुसऱ्या टोकाला, यंत्राकडून लिहून घेतलेल्या दिसायला गुळगुळीत आणि आतून पोकळ दुरुस्त्यांचा ढीग प्रकल्प सांभाळणाऱ्यांच्या दारात पडतो आहे. स्टॅक ओव्हरफ्लोने तर चॅटजीपीटी आल्यावर आठवड्याभरातच अशा उत्तरांवर बंदी घातली होती. म्हणजे खरा अडलेला माणूस गप्प झाला, आणि न अडलेला बोलू लागला.

यावर मला सुचतं ते असं. टीप लिहिणाऱ्या मुलांनी चार गोष्टी द्याव्यात: कुठली आवृत्ती, पानावरचं कुठलं वाक्य, मला काय होईल असं वाटलं, आणि प्रत्यक्षात काय झालं. यंत्राला विचारून सुटलेली अडचण असली तरी. पान चालवणाऱ्यांनी टिपेला मुदत घालावी; ठरलेल्या काळात ती मजकुरात घ्या किंवा काढा, पण लटकत ठेवू नका. नवी आवृत्ती निघाली की जुन्या टिपा चाळणं हा आवृत्तीच्या कामाचाच भाग धरा आणि त्याचे तास मांडा.

आणि इथे अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्राध्यापक बसले आहेत, म्हणून एक मागणी करून थांबतो. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात ग्रंथालय-व्यवस्थापनाची तीच ती प्रणाली पुन्हा पुन्हा तयार होते. त्याऐवजी एखाद्या विद्यार्थ्याने एका चालू प्रकल्पाच्या मॅन्युअलचा एक विभाग घ्यावा, त्यातलं प्रत्येक उदाहरण चालवून पाहावं, मोडलेली दुरुस्त करून पाठवावीत, तपासणाऱ्याशी वाद घालावा आणि स्वीकारलेल्या दुरुस्त्या दाखवाव्यात. त्याला प्रकल्पाचे पूर्ण गुण द्या. विद्यापीठाच्या नियमात हे बसत नसेल तर अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडा.